चार नंबरची पेज

११ जानेवारी

लिहायला उशीर झाला. आठवडाभर या वहीत एक ओळ नाही. माफी कुणाची मागायची, तर वहीचीच मागतो. हात धजत नव्हता. लिहिलं की केलेलं पक्कं होतं, म्हणून टाळत होतो.

केलंय ते एवढंच. चार नंबरच्या डुकरिणीला दुपारी कुळथाची पेज घातली. वर सुकट कुटून. एकदा नाही, रोज. आजही.

मृणालनं बजावलं होतं. थोरल्या भावाची नात, मुंबईला जनावरांच्या कॉलेजात शिकते. व्यालेल्या डुकरिणीच्या दुधावर तिचा मोठा अभ्यास चाललाय. आमच्या कातळसड्यावरच्या शेडमधल्या सहा माद्या तिनं त्यासाठी धरल्यात. सगळ्या एकाच आठवड्यात व्यायल्या. खाद्याच्या गोण्या तिनं स्वतः बांधून आणल्या. हिरव्या दोऱ्याच्या १, ३, ६ ला. लाल दोऱ्याच्या २, ४, ५ ला.

"लाल म्हणजे जरा हलकं खाद्य, आजोबा. कुणी मरत नाही त्यानं. पण याच्यावर दुसरा कण द्यायचा नाही. भाजीचं देठसुद्धा नाही."

मी हो म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. सून शोभा उभी होती, तिच्यादेखत.

मग का केलं? माहीत नाही. माहीत आहे, पण ते कारण म्हणून चालेल असं वाटत नाही.


१४ जानेवारी

आज ठरवून गेलो होतो की द्यायची नाही. नुसतं बघून यायचं.

डुकरीण पाजते ते बघण्यासारखं असतं. दर तासाभरानं आडवी होते, घशातून हुंकारते. पिल्लं धावतात, ज्याचं त्याचं आचळ ठरलेलं, दुसऱ्याच्यावर कुणी जात नाही. थोडा वेळ नुसतं ढुसण्या देणं. मग हुंकार वाढतो आणि दूध सुटतं. सुटतं ते किती, तर आपण पाण्याचा एक पेला संपवू तेवढा वेळ. संपलं. ज्याला मिळालं त्याला मिळालं.

चारचं शेवटचं पिल्लू मागच्या आचळाला. सगळी थांबली तरी ते ओढतच होतं. आचळ सोडून आईच्या मांडीलाच चोखायला लागलं.

परत घरी आलो आणि पेज चढवली.

आमच्याकडे म्हैस व्याली की आई कुळीथ शिजवून घालायची. घरात बाळंतीण असली की तिला पेज, आणि खाडीवरून मोरी माशाचा तुकडा मिळाला तर कालवण. दूध उतरायला. यात विचार करायचा असतो हेच आम्हाला माहीत नव्हतं. त्यात माझा जन्म गेला बोटीवर स्वयंपाकी म्हणून. माझ्या हातात भांडं असताना समोरचं पोट रिकामं राहिलं तर मला झोप येत नाही.

हे सगळं खरं. पण २ आणि ५ सुद्धा लाल दोऱ्यावरच आहेत, त्यांचीही पिल्लं ओरडतात. मग चारच का? ती शेडच्या दाराजवळ आहे म्हणून. पलीकडे वाकायला गुडघा साथ देत नाही म्हणून. दयासुद्धा माझी गुडघ्यापुरती.


१८ जानेवारी

सौ.नं डबा उघडला.

"कुळीथ कोण खातं वो या घरात?"

"उंदीर असतील."

"उंदीर डब्याचं झाकण परत लावतात?"

मी वर्तमानपत्र वाचत होतो तसाच वाचत राहिलो. उलटं धरलं नव्हतं, एवढं नशीब.

"आणि सुकटीची बरणी? उंदरांना सुकटही लागते आता? पथ्य सांभाळा म्हणून डॉक्टर सांगतो, आणि हे दुपारी चोरून पिठी करून खातात. भांडं तरी नीट घासा, कडेला चिकटलेलं असतं."

म्हणजे तिला वाटतंय मीच खातो. खादाड ठरलो ते बरं वाटलं. असं बरं वाटणं चांगलं नाही, हे कळतं.

शोभा दुपारी बचत गटाला जाते, तेव्हाच मी शेडवर जातो. तिनं परवा एवढंच म्हटलं, "मामंजी, चार नंबर ठरलेलं खाद्य उरवते. बाकीच्या खाद्याची डोण चाटतात." मी म्हटलं, हवा बदलली असेल.

हवा!


२२ जानेवारी

काल मृ. आली. बरोबर कॉलेजचे एक डॉक्टर. धूर येणारा एक डबा, आत म्हणे बर्फाहून गार.

कासेला सुई देऊन जागा बधिर केली आणि मुगाएवढा तुकडा काढला, सहाही जणींचा. दूधही काढलं, रक्तही. पिल्लं तोलली. मी दोरी धरून होतो. चार नंबर माझ्याकडे बघत होती, पेजेची वेळ झालेली. सारखी नाक वर करून माझा हात हुंगत होती.

मृ. म्हणाली, "आजोबा, ही तुमच्यावर फारच जीव लावून आहे."

शोभा म्हणाली, "लावणारच. घरात आम्हाला विचारत नाहीत तेवढं तिला विचारतात."

सगळे हसले. मीही.

जेवल्यावर मृ.ला विचारलं की त्या तुकड्यात बघणार काय. तिनं ताटातच बोटानं गोल काढला.

"ही कासेतली एक पेशी. दूध हिच्यात होतं, पण सामान येतं रक्तातून. ते आत घ्यायला पेशीच्या भिंतीला दारं असतात. साखरेचं वेगळं, प्रथिनांच्या तुकड्यांची वेगळी. दारं किती करायची याचा हुकूम पेशीतल्या जनुकांकडून सुटतो. हुकमाच्या चिठ्ठ्या त्या मुगाएवढ्या तुकड्यात सापडतात. मी त्या चिठ्ठ्या मोजते."

"आणि लाल दोरा?"

"लालमध्ये प्रथिनं कमी ठेवलीत. सामान कमी आलं तर कास काय करते? दारं वाढवते, की बंद करते, की आईच्या अंगातलं मांस काढून दुधात घालते? तेवढंच बघायचंय. सगळा अभ्यास त्याच्यावर उभा आहे."

मी भात कालवत राहिलो. मग विचारलं, "कुळथात असतात काय गो प्रथिनं?"

"कुळथात? भरपूर. का हो?"

"नाय, सहज. सौ.ला कुणीतरी सांगितलं होतं."

सुकटीचं विचारलंच नाही. विचारायची गरज नव्हती.

मला वाटलं होतं, लाल म्हणजे कमी खाद्य, बस. दोन घास जास्त गेले तर पिल्लं जरा जाड होतील, तिचं काय बिघडतं. जे तिनं मुद्दाम काढून ठेवलं होतं, नेमकं तेच मी रोज शिजवून घालत होतो.

तेव्हाच सांगायचं होतं. तुकडे डब्यात होते, गाडी दारात होती. ती पाया पडली आणि म्हणाली, "तुम्ही नसतात तर मला कुणी शेड दिली नसती." मी आशीर्वाद दिला. तोंडातून तेवढंच निघालं.


२३ जानेवारी

परवापासून पेज बंद.

दुपारी शेडकडे गेलोच नाही. ओरडणं इथपर्यंत येत होतं.


१७ फेब्रुवारी

मध्ये लिहिलं नाही. मनाला समजावत होतो की सहा जणींत एक, कुणाच्या लक्षात येणार.

आज मृ.चा फोन. आवाज असा की मला वाटलं लग्न ठरलं.

"आजोबा, आपली चार नंबर! लालवर असून तिच्या कासेतले हुकूम हिरव्यांसारखे आहेत. २ आणि ५ चे अगदी वेगळे. दूधही हिरव्यांसारखं, पिल्लांची वजनंही. तेच खाद्य, तीच शेड! सर म्हणाले, अशी मादी कमी खाद्यावर पुरेसं दूध देत असेल तर तिच्या रक्तात काहीतरी वेगळं आहे. तिची वंशावळ मागितलीय."

"अगो, एकटीवरनं कसं काय ठरवता?"

"ठरवत नाही, पण शोधणार. पुढचं सगळं काम आता तिच्यावरच करायचं म्हणतेय मी. आजोबा, तुम्हाला आनंद नाही झाला?"

"झाला तर. झाला गो बाय."

तिच्या रक्तात काय वेगळं आहे ते या घरात एकट्या मला माहीत आहे. सौ.च्या डब्यातलं आहे.

या पोरीला सगळ्या भावकीनं नावं ठेवली. ब्राह्मणवाडीपासून बौद्धवाडीपर्यंत हसले, डुकरांची डॉक्टरीण म्हणून. तिच्या बापानं दोन महिने अबोला धरला. मी एकटा म्हणालो होतो, शिकू दे, मी शेड देतो. मीच.


१९ फेब्रुवारी

शोभा खूष. मृ.चा तिलाही फोन. चारचं एकही मादी पिल्लू विकायचं नाही, वेगळं ठेवायचं. शोभानं त्यांच्या कानाला खुणाही केल्या.

"मामंजी, तुमची लाडकी निघाली गुणाची. आणि ती दोन नंबर बघा. तेच खाऊन तिची पिल्लं कशी काड्यांसारखी. दूधच नाही मेलीला. दुधावरनं तोडली आता पिल्लं, शनिवारी खाटकाचा टेम्पो येईल तेव्हा देऊन टाकते."

मी म्हटलं, "एकदम कशाला? आणखी एक वेत बघूया."

"कशाला? निकाल तर मृणालताईंच्या मशिनीनंच दिला की."

दोन नंबरला दूध होतं. पहिल्या दोन वेतांना मी स्वतः बघितलंय. सांगितलं तेवढंच खाऊन तिनं पिल्लं जगवली, अंगाची हाडं काढून. मृ. म्हणाली होती ना, आईच्या अंगातलं मांस दुधात जातं, तेच दोनचं झालं. सगळ्यांत जास्त तिनं केलं आणि ती वाईट ठरली.


२१ फेब्रुवारी

टेम्पो आला.

मला एक वाक्य बोलायचं होतं. तोंडात जुळवूनही ठेवलं होतं. दोन चढेना, तेव्हा शोभा म्हणाली, "मामंजी, तुम्ही जरा पुढं व्हा, तुमचं ऐकतात त्या." मी पुढं झालो. हात पुढं केला. तिला मी कधी काही दिलं नव्हतं तरी ती हात हुंगत चढली.

फळी वर झाली, टेम्पो गेला. वाक्य तोंडातच राहिलं.

दिवसभर जेवण गेलं नाही. सौ. म्हणाली, ताक तरी घ्या. घेतलं नाही.


२२ फेब्रुवारी

सौ.ला सांगितलं. माजघरात ती नारळ खवत होती. सगळं सांगितलं, सलग.

आधी म्हणाली, "म्हणजे माझं कुळीथ तिकडे गेलं?"

मग खवणी थांबली.

"मी तुम्हाला खादाड म्हटलं तेव्हा का नाही सांगितलंत?"

"धीर झाला नाही."

"आणि दोन नंबरला गाडीत चढवायला धीर झाला?"

परत खवायला लागली. म्हणाली, "पोरीला सांगा. तिच्यापासून काही लपवून तिचं भलं व्हायचं नाही. तिला दुसऱ्या कुणाकडून कळलं तर आपल्या दारात उभी राहणार नाही ती."

"दुसऱ्या कुणाला माहीतच नाही."

"मग ती खोटं बोलतेय हे तिला स्वतःलाही माहीत नाही. ते बरं काय?"

सातवीपर्यंत शिकलोय मी, सौ. चौथी. तरी बोलण्यात तिच्यापुढे मी कधी टिकलो नाही.


२४ फेब्रुवारी

फोन केला. केला आणि वाया घालवला.

"मृणाल, त्या चार नंबरला… मी एकदोनदा जरा पेज घातली असेन गो."

एकदोनदा! कुठून आला तो शब्द. जीभच तशी वळली.

ती हसली. "एकदोनदानं काही होत नाही, आजोबा. इतका फरक एकदोनदानं पडत नसतो. तुम्ही उगाच जिवाला लावून घेता. बरं झालं सांगितलंत, मी नोंद करून ठेवते."

आणि म्हणाली, शुक्रवारी कॉलेजात सगळ्या मोठ्या लोकांसमोर ती हे वाचून दाखवणार. साडी नेसून. आईची.

आधी ती न कळता चुकत होती. आता माझ्या शब्दावर चुकते आहे. न सांगण्यापेक्षा हे वाईट. सौ.नं विचारलं, "सांगितलंत?" मी मान हलवली. तिनं माझ्याकडे जसं बघितलं त्यावरून तिला कळलं असावं.


२५ फेब्रुवारी

सकाळी चहा न घेता फोन लावला. घेतला असता तर परत धीर गेला असता.

"एकदोनदा नाय. रोज. पिल्लं आठवड्याची झाली तेव्हापासून तू तुकडा काढायला आलीस त्याच्या आदल्या दिवसापर्यंत. कुळीथ, आणि सुकट."

मला वाटलं फोन तुटला. हॅलो हॅलो केलं.

"आहे मी," म्हणाली. मग एकदम परक्या डॉक्टरसारखा आवाज. "एका वेळी किती? कुळीथ वजनानं किती? सुकट किती? शिजवलेली पेज किती पातळ?"

"डावानं घालायचो गो. अंदाजानं."

"अंदाज म्हणजे किती?"

मला सांगता येईना. जन्मभर अंदाजानं रांधलं. बोटीवर चाळीस माणसांचं मीठ हातानं टाकलं, कधी चुकलं नाही. मृ. विचारत होती आणि माझ्याकडे एक आकडा नव्हता.

"आजोबा, मी त्या दिवशी कुळथाचं उत्तर दिलं. तुम्ही तेव्हा ह्यासाठीच विचारत होतात ना?"

"व्हय."

"मी 'का हो' असं विचारलं होतं."

फोन ठेवला तिनं. ओरडली नाही. ओरडली असती तर जेवलो असतो.


२५ फेब्रुवारी, संध्याकाळ

दिवसभर रांधलं. त्याच भांड्यात, त्याच डावानं, तेव्हा जसा हात पडायचा तसाच पाडून. मग शोभाचा खाद्याचा काटा मागितला.

"काटा कशाला मामंजी?"

सांगावं लागलं. उभ्या उभ्या ऐकलं तिनं. आधी तिला वाटलं मी थट्टा करतोय.

"म्हणजे दोन नंबर चांगली होती?"

"होती."

"मी तिला मेली म्हटलं. तुम्ही इथं उभं राहून ऐकलंत, मामंजी."

पदरानं तोंड पुसलं आणि काटा आणून ठेवला. पण आकडा तिनंच वाचला, मला वाचू दिला नाही. तीनदा तोलून तीन वेगळी वजनं आली. ती म्हणाली, "तिन्ही पाठवा. आता तुम्ही निवडायचं नाही."

पाठवली. मुलगा विजय मुंबईहून शिमग्याला येईल तेव्हा त्याला मीच सांगायचं, अशी शोभाची अट. बरोबर आहे तिचं.

मृ.चं उत्तर रात्री आलं. "मिळालं. सरांशी बोलते. शुक्रवारचं अजून ठरत नाही. चारला वगळून २ आणि ५ वर काही उभं राहतं का बघते."

म्हणजे अगदीच सगळं गेलं नाही. मी ते सौ.ला वाचून दाखवलं. तिनं पान वाढलं, मी जेवलो.


२६ फेब्रुवारी

२ आणि ५ वर.

पहाटे जाग आली ती याच शब्दांनी. ५ नंबर. चारच्या शेजारची. मधे अर्ध्या उंचीची भिंत.

पेज घालून झाली की भांड्याच्या तळाला लपका राहायचा. टाकवायचा नाही. सौ. भांडं बघेल म्हणून तिथंच निपटून काढायचो. आणि तो डाव कुठं झटकायचो? भिंतीवरून पलीकडे. पाचच्या डोणीत. ती तोंड वर करून उभीच असायची.

रोज नाही. रोज नसावं. किती वेळा ते देवाला माहीत. तो लपका किती, त्यात सुकट किती, कसं सांगू? डाव झटकलेला कुणी तोलतं?

खरं सांगतो, काल मृ.शी बोलताना हे मनात नव्हतं. लपवलं नव्हतं, आठवलंच नव्हतं. पण दोनदा फिरलेल्या माझ्या शब्दावर तिनं आता हे का मानावं?

आणि सांगितलं तर तिच्याकडे लालवाली उरते एकच. दोन नंबर. तिचा तुकडा मृ.च्या डब्यात आहे, ती स्वतः टेम्पोतून गेली.

सौ. अंगणात तुळशीला पाणी घालत होती. तिला विचारलं, हेही सांगू? उद्या शुक्रवार. पोरगी कोलमडेल.

ती म्हणाली, "मला कशाला विचारता? मी नको म्हणावं म्हणूनच विचारताय ना?"

नऊ वाजता फोन लावला, उचलला नाही. परत लावला, नाही. शेवटी बटण दाबून बोललो आणि तो आवाज पाठवला. पाच नंबरचं सगळं. भिंत, डाव, लपका. नीट बोलता आलं नाही, मधे खोकला आला, पण पुन्हा बोललो नाही. पुन्हा बोलताना काही गाळलं गेलं असतं.

दोन खुणा निळ्या झाल्यात. म्हणजे ऐकलंय.


२७ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपार झाली. काही नाही. तिथे उभी राहिली की नाही, काय बोलली, साडी नेसली की नाही, काही कळायला मार्ग नाही. तिच्या बापाला विचारायची छाती नाही. शोभानं दोनदा फोन लावून बघितला, बंद येतो.

चार आणि पाच दोघी पोटभर खाऊन पडल्यात. मी गेलो तर चार उठली. मी हात मागे बांधून उभा राहिलो.

आत्ता पुन्हा एक निरोप पाठवला. इथे उतरवून ठेवतो, काय लिहिलं ते विसरायला नको म्हणून.

बाय मृणाल, माझ्याकडे आता सांगायचं काही उरलं नाही, सगळं शोधून बघितलं. शेड तुझी आहे, माद्या पुन्हा फळतील, पुन्हा करायचं असेल तर कर. मला शेडमध्ये पाय ठेवू नको म्हणालीस तर ठेवणार नाही, किल्ली शोभाकडे देतो. नाही बोललीस माझ्याशी तरी चालेल, आजीला कर फोन. रागावून कर. पण काय झालं ते कळव. लवकर कळव गो.